भात्यातली चांदणी

माझ्या हातून आजवर घरातल्या पुष्कळ वस्तू मोडल्या. पण बायकोने मनापासून हळहळावं अशी वस्तू त्यांत एकच, तिच्या वडिलांचा कॅमेरा. कॅमेरा म्हटल्यावर गळ्यात अडकवायची डबी डोळ्यांसमोर आणू नका. हा तिवईवर उभा राहणारा, लाकडी अंगाचा, माणसाच्या उंचीचा प्राणी. पुढे पितळी नळीत भिंग, मागे दुधी काच, आणि मधे कातड्याच्या घड्याघड्यांचा भाता, लोहाराच्या भात्यासारखा मागेपुढे होणारा. सासरेबुवा गेल्यावर तो आमच्या बाहेरच्या खोलीत खिडकीशी येऊन उभा राहिला. पाहुणे त्याचं कौतुक करायचे आणि मी त्याच्यावर ओला टॉवेल टाकायचा नाही, एवढाच आमचा संबंध.

त्या सकाळी दिवा बदलायला मी खुर्चीवर चढलो. खुर्चीचा चौथा पाय नावापुरताच आहे, हे मला वर गेल्यावर कळलं. पडताना माणूस जवळचं काय सापडेल ते धरतो. मी सासरेबुवांना धरलं. अंगठा कातड्यातून आरपार गेला आणि भात्याने दमेकऱ्यासारखा एक श्वास सोडला.

बायको धावत आली. “फार लागलं का रे?” तिने इतक्या हळुवारपणे विचारलं, की मी ‘छे, छे’ म्हणणार होतो. तेवढ्यात पाहिलं, तर तिचा हात भात्यावर होता.

मग दुरुस्तीची शोधाशोध. एका चकचकीत दुकानातल्या विक्रेत्याने कॅमेऱ्याभोवती प्रदक्षिणा घातली आणि अदबीने विचारलं, “याला चार्जिंग कुठून होतं?” चप्पल शिवणारा म्हणाला, टाका घालून देतो, पण आवाज बदलेल. शेवटी एका घड्याळजीने पत्ता दिला. “भातेकाकांकडे जा. जुन्या स्टुडिओचे कॅमेरे तेच एकटे बघतात. फक्त बोलण्यावर जाऊ नका.”

बोलण्यावर न जाणं अवघड होतं, कारण तिथे पोचल्यावर आधी बोलणंच लागलं.

“नमस्कार, आपणच भाते ना?”

“भाते आडनाव नाही. धंदा आहे. तुमचा काय?”

“मी लिहितो.”

“म्हणजे आडनावच आहे, धंदा नाही.” त्यांनी भोकात करंगळी घातली. “हे कोणी केलं?”

“मी. म्हणजे कॅमेरा सासऱ्यांचा आहे.”

“मग बरोबर. या जावईबापू, आत या.”

तेव्हापासून मी त्यांचा जावईबापू झालो. त्यात आदर किती आणि टोमणा किती, याचा हिशेब मला शेवटपर्यंत लागला नाही.

पुढच्या बाजूला त्यांच्या लेकीचं दुकान. ओळखपत्राचे फोटो, छपाई, चौकटी. पाठीमागचा पांढरा पडदा बाजूला सारला की काकांची खोली. आत पाऊल टाकलं आणि मी थबकलो. खोलीभर माणसं उभी होती. कोणी उंच, कोणी ठेंगणं, सगळ्यांनी डोक्यावरून काळं कापड घेतलेलं, आणि सगळी गप्प. गेलेल्या माणसाच्या घरी उशिरा पोचल्यावर जसं वाटतं, तसं वाटलं. चपला बाहेर काढाव्यात की नाही, हेही कळेना.

“कॅमेरे आहेत,” काका म्हणाले. “चावत नाहीत. तुम्हीच त्यांना अंगठा लावू नका म्हणजे झालं.”

भिंतीवरच्या फळीवर सुटी भिंगं मांडलेली होती. मी डावीकडे सरकलो तर त्या सगळ्यांतून एक-एक बारका मी डावीकडे सरकला. सरस, कातडं आणि कसलासा आंबूस वास होता. तो वास हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करायच्या पाण्याचा, हे नंतर कळलं. त्या खोलीत कित्येक वर्षांत फोटो धुतला गेला नव्हता, तरी वास जागचा हलला नव्हता. एका कॅमेऱ्याचं तोंड झरोक्यातून रस्त्याकडे केलेलं होतं आणि त्याच्या मागच्या काचेवर अख्खा रस्ता उलटा चालला होता. डोक्यावर चालणारी माणसं, चाकं वर करून जाणाऱ्या सायकली, कशालाच आवाज नाही. काकांचं स्टूल बरोबर त्या काचेसमोर.

“माझी राखण आहे ती,” ते म्हणाले. “तुम्ही आलात ते मी पाहिलं. डोक्यावर चालत आलात. दोनदा ठेचकाळलात.”

मग ते मला आणि माझ्या कॅमेऱ्याला मोरीएवढ्या एका खोलीत घेऊन गेले. दार लावलं. भर दुपारी तिथे असा अंधार झाला, की मी डोळे उघडे आहेत ना, हे बोटाने चाचपून पाहिलं. काकांनी भात्याच्या पोटात एक छोटा दिवा सोडला आणि तो पेटवला. माझ्या अंगठ्याच्या भोकातून उजेडाचा लोट बाहेर आला. पण तेवढंच नव्हतं. घड्यांच्या कोपऱ्याकोपऱ्यांत बारीक बारीक ठिपके चमकत होते. सासरेबुवांच्या पोटात चांदणं पडलं होतं.

“वा!” मी म्हणालो.

“वा काय? एकेक चांदणी म्हणजे एकेक भोक. तुमच्या अंगठ्याचं एवढं काही नाही. मोठं भोक प्रामाणिक असतं. समोर दिसतं, बुजवून टाकता येतं. ही बारकी फार वाईट.”

“बारकी काय करतात?”

आमच्या मधोमध ते ठिपके लुकलुकत होते. मग ते म्हणाले, “भूत काढतात.”

मी हसलो. ते हसले नाहीत. अंधारात आपण एकटेच हसतोय असं कळलं, की हसू पुढे चालवायलाही भीती वाटते आणि थांबवायलाही.

दार उघडताना त्यांनी विचारलं, “घरी जुने फोटो आहेत? कोपऱ्यावरच्या जुन्या स्टुडिओतले? लहान मुलांचे?”

“विचारतो बायकोला.”

“विचारा. विसराल तुम्ही. पण विचारा.”

बाहेर आलो तर लेक कात्रीने फोटो कापत होती. वर न बघता म्हणाली, “फोटोंचं विचारलं ना?”

“हो. का?”

“येईल त्याला विचारतात. मागे वीजबिलवाल्याला विचारलं. दादा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.”

भात्याचं काम घाईचं नसतं. आधी जुनं कातडं ओलसर करून सोडवायचं. त्याच्या आतल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या, म्हणजे भात्याच्या बरगड्या, एकेक सुट्या करायच्या. नवं कातडं पापुद्र्याएवढं तासायचं, सरस लावायचा, वाळू द्यायचं, घडी घालायची, पुन्हा वाळू द्यायचं. मी काही ना काही निमित्त काढून जात राहिलो. बायको म्हणाली, “भाता दुरुस्त होतोय की तू?” खरं सांगायचं, तर त्या खोलीची मला भीती वाटायची आणि घरी आलो की तिची आठवण यायची. काचेवरून उलटी जाणारी ती मुकी माणसं मला आंघोळ करतानाही दिसू लागली होती.

काका काम करता करता बोलायचे. एकदम नाही, सरस वाळेपर्यंत थोडं थोडं. आणि बढाया मारताना लाजायचे नाहीत. माझ्यासारखा भाता या हयातीत कोणी बांधणार नाही, असं ते मला दर खेपेला सांगत आणि मी दर खेपेला प्रथमच ऐकत असल्यासारखं करी.

कोपऱ्यावरचा स्टुडिओ त्यांचाच होता. नावाला त्यांचा. गिऱ्हाइकं दारातून विचारायची, “बाई आहेत का?” बाई म्हणजे काकू. काकू बाहेर गेल्या असल्या की लोक बाकावर बसून राहात, काकांकडून फोटो काढून घेत नसत. कारण पोरं. पोर आईच्या मांडीवर असो, बापाच्या खांद्यावर असो, भिंग समोर आलं की भोकाड पसरणार. काकू कॅमेऱ्याच्या उजव्या हाताला, जरा पुढे उभ्या राहायच्या आणि मूठ वर धरायच्या.

“मुठीत काय?”

“तेच तर पोराला कळायचं नाही. मग बघत बसायचं ते, पापणी न हलवता. आणि मी काढायचो फोटो.”

आता इथे थोडी तांत्रिक भानगड आहे, पण ती सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. ज्यावर फोटो उमटतो ती प्लेट काचेची. ती एका लाकडी पेटीत बंद असते. पेटी कॅमेऱ्याच्या मागे अडकवायची आणि तिचं झाकण वर ओढायचं. मग काच भात्याच्या अंधारात उघडी होते आणि भिंगावरची टोपी कधी निघते याची वाट बघते. मोठी माणसं असली तर झाकण ओढलं, टोपी काढली, टोपी लावली, झालं. पोर असलं तर झाकण ओढून वाट बघत राहायचं. पोर कधी शांत होईल, कोणी सांगावं? तेवढा सगळा वेळ काच उघडी.

“आणि एक दिवस,” काका म्हणाले, “फोटोत भूत आलं.”

फोटोच्या उजव्या कडेला, पोराच्या बाजूला, एक पांढुरका पुंजका. धूर उभा राहावा तसा. काकांना वाटलं, धुण्यात चूक झाली. पुढच्या फोटोत पुन्हा तोच. मोठ्यांच्या फोटोंत अगदी पुसट, पोरांच्या फोटोंत मात्र ठळक. गावात कुजबुज सुरू झाली, की स्टुडिओत काहीतरी आहे आणि ते पोरांपाशीच येतं. एक आई फोटो परत घेऊन आली आणि आत न येता तिने तो दारातूनच भिरकावला. मुलाला ताप आला होता म्हणे.

“सगळ्यांत जास्त घाबरली कोण, सांगा,” काका म्हणाले.

“तुम्ही.”

“ही.” त्यांनी मागे, नसलेल्या कोणाकडे तरी अंगठा दाखवला. “फोटो धुवायच्या खोलीत एकटी जाईना. म्हणायची, अहो, मी कॅमेऱ्याशी उभी असते ना, तेव्हा माझ्या अगदी जागेवरच कुणीतरी उभं असतं. मला जाणवतं.”

मी हळूच मागे वळून पाहिलं.

काका कारागीर माणूस. भुताला घाबरण्यापेक्षा ते पुसून टाकणं त्यांना सोपं वाटलं. प्लेट धुऊन वाळली, की बारीक पात्याने ते त्यावरचा पुंजका खरवडत, शिसपेन्सिलीने मागची भिंत नीट रंगवत. रोज. गठ्ठ्याने. “अशी सफाई, की आईशप्पथ सांगतो, तिथे काही होतं असं यमालाही कळलं नसतं.” बढाईचा सूर त्यांनी वर नेला, पण तो वर टिकला नाही, हळूच खाली उतरला.

मग एकदा त्यांनी भात्यात दिवा सोडून पाहिला. उजव्या बाजूच्या एका घडीत, पुढे तोंड करून, एक चांदणी. टाचणीच्या टोकाएवढी. त्यांनी तिच्यावर पातळ काळ्या कातड्याचं ठिगळ बसवलं. भूत गेलं. काकूंना त्यांनी ऐटीत सांगितलं, “काढलं बघ तुझं भूत.” काकू त्या रात्री शांत झोपल्या. पुढची दोन वर्षं फोटो स्वच्छ, लख्ख आले. मग त्या आजारी पडल्या आणि गेल्या.

“ती गेल्यावर भिंतीवर लावायला फोटो हवा होता,” काका म्हणाले. “घरात सात कॅमेरे. फोटो नाही. एकही नाही. कधीही म्हणालो, बैस समोर, की म्हणायची, बाहेर गिऱ्हाईक थांबलंय. आणि मीही म्हणायचो, उद्या काढू.”

“आणि ते भूत?” मी विचारलं. मला वाटतं, मला तोवर कळलं होतं. पण त्यांच्या तोंडून ऐकावंसं वाटलं.

“बऱ्याच वर्षांनी एक म्हातारी आली. तिच्या मुलाचा फोटो. नातवासाठी मोठा करून हवा होता. माझ्या खरवडण्यातून सुटलेला. मी भिंग लावून बघितलं. धुरातून हात वर गेलेला. हाताच्या टोकाला मूठ.” त्यांनी तासायची सुरी खाली ठेवली. “टाचणीएवढं भोकसुद्धा भिंगाचं काम करतं, जावईबापू. फार मंद, पण करतं. झाकण उघडं असेपर्यंत ते बघतच असतं. माझं एवढं महाग भिंग पोरांकडे बघत होतं. ते भोक हिच्याकडे बघत होतं. आणि मी...”

त्यांनी पातं चालवल्यासारखं बोट हवेत चालवलं.

घरी येऊन मी हे सगळं बायकोला सांगितलं. ती ऐकता ऐकता उठली, माळ्यावरची पेटी खाली काढायला लावली (खुर्ची तिने स्वतः धरली) आणि तळातून एक फोटो काढून माझ्या हातात ठेवला. पाच वर्षांची बायको. वेणी, कपाळावर आठ्या, आजही माझ्याकडे बघताना पडतात तशाच. आणि उजव्या कडेला पांढुरकं काहीतरी.

“हा भुताचा फोटो,” ती म्हणाली. “दादा मला यावरून चिडवायचा. बाबा एवढे कॅमेरेवाले, पण मी त्यांच्यापुढे एक क्षण स्थिर बसत नसे, म्हणून त्यांनी मला त्या स्टुडिओत नेलं. फोटो बघून ते फेकून द्यायला निघाले होते. आईने फेकू दिला नाही. म्हणाली, हिचा न रडता निघालेला हा एकच आहे.”

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं गेलो. काकांनी फोटो घेतला, झरोक्यापाशी नेला, डोळ्याला भिंग लावलं. आम्ही उभे. काळी कापडं घेतलेली ती मंडळीही उभी. काचेवर रस्ता उलटा चाललेला. मग काकांनी पडद्याकडे तोंड करून लेकीला हाक मारली. अशी मारली, की ती कात्री हातात घेऊनच आत आली.

आधीच्या फोटोंसारखा हा धूर नव्हता. बायकोने त्या दिवशी फार वेळ घेतला असणार. इथे माझा तिच्या स्वभावावर पूर्ण विश्वास आहे. मूठ दिसत होती, मनगट दिसत होतं. खांदा. खांद्यावर किंचित कललेलं डोकं. पण चेहऱ्याच्या जागी पांढरं. त्या बोलत असणार, हसत असणार, मान हलवत असणार. जे हललं, ते विरून गेलं होतं.

लेक फार वेळ वाकून बघत होती. मग सरळ झाली. “बाबा, चेहरा नाहीच.”

“नाही,” काका म्हणाले.

“मी चार वर्षांची होते,” ती आम्हाला म्हणाली, जणू तिचीच काही चूक झाली होती. “वास आठवतो हातांचा. चेहरा आठवायला बसलं, की तिथे मावशीच येते.”

तेव्हा बायको बोलली. एरवी तिचं बोलणं कुठे थांबेल याची मला धास्ती असते. त्या दिवशी ते सुरू कसं झालं, तेच कळलं नाही.

“मी बघत होते त्यांच्याकडे,” ती म्हणाली. “इथे बघा ना. मी भिंगात बघतच नाहीये. मी यांच्याकडे बघतेय.”

खरंच. फोटोतल्या मुलीची नजर आमच्यावर नव्हती. ती आमच्या बाजूला, कडेला उभ्या कोणावर तरी खिळली होती.

“ताई, तुम्हाला आठवतं?” लेकीचा आवाज एकदम लहान झाला. “कशी होती?”

“गोल चेहरा. हनुवटीवर खळी नाही, खाच होती, बोट ठेवावं अशी. आणि हा दात,” बायकोने स्वतःच्या दातावर बोट ठेवलं, “हा जरा दुसऱ्यावर चढलेला. मी दाताकडे बघत होते, म्हणूनच गप्प बसले. त्यांना वाटलं, मुठीकडे बघतेय.”

काका खुदकन हसले आणि लगेच भिंतीकडे वळले.

लेकीची जीभ तिच्या दातांवरून फिरली. “माझा पण होता तसा,” ती म्हणाली. “मी तारा लावून सरळ करून घेतला. लग्नाआधी.” मग ती हसायला लागली, आणि हसता हसता तिने कात्री खाली ठेवून दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बायकोने तिला जवळ घेतलं.

“मुठीत काय होतं?” लेकीने तिच्या खांद्यातूनच विचारलं.

“फोटो झाल्यावर मी उघडायला लावली. काही नव्हतं. मी रडले. मग त्यांनी मला उचलून घेतलं आणि म्हणाल्या, तू थांबली असतीस अजून थोडी, तर आलं असतं काहीतरी.”

फोटो तिथेच ठेवा, असं बायको म्हणाली. काकांनी मान हलवली. नक्कल काढून घेतो, मूळ तुझं आहे पोरी, म्हणाले. दोघी पुढच्या दुकानात गेल्या. लेक कागद-पेन्सिल घेऊन बसली होती आणि बायको ‘गाल जरा भरलेले, नाही, एवढे नाही’ असं सांगत होती. त्यांचे आवाज पडद्यापलीकडून येत राहिले.

मी आणि काका मागे उरलो. त्यांनी कोपऱ्यातल्या एका कॅमेऱ्यावरचं कापड काढलं. तो स्टुडिओचा. त्यांनी भाता ओढून लांब केला आणि उजव्या बाजूची एक घडी बोटांनी उकलून मला दाखवली. ठिगळ तिथे होतं. इतकं सफाईचं, की दाखवल्यावाचून दिसलं नसतं. ते त्याच्यावरून अंगठा फिरवत राहिले.

मला गप्प बसता येत नाही. शिवाय त्यांच्यासाठी काहीतरी करावं असं त्या क्षणी फार वाटत होतं, आणि माझ्यासारख्या माणसाला काही करता आलं नाही की तो काहीतरी सुचवतो.

“काका,” मी म्हणालो, “ते ठिगळ काढून बघा ना. भोक उघडा, प्लेट लावा, झाकण ओढून ठेवा. बघू तरी काय येतं.”

काकांनी भाता मिटला.

“आता तिथं उभं कोण आहे?”